वाईचे घाट आणि खांद्यावरची एकच लेन्स

मैत्रिणींनो, सहलीला निघताना कुणाचे काय घ्यायचे ते आपल्याला बिनचूक आठवते. सासूबाईंच्या गोळ्या, धाकट्याचा स्वेटर, दशम्या, चटणी, पाण्याच्या बाटल्या, सगळे कसे जागच्या जागी. कॅमेरा मात्र वर्षानुवर्षे घरातल्या पुरुषांच्या गळ्यात राहिला. म्हणून जुने अल्बम उघडले की मुले दिसतात, देवळे दिसतात, आपणही दिसतो, पण उन्हात डोळे मिचकावत, "इकडे बघ" म्हटल्यावर बघितलेल्या! आपल्याला जे दिसले होते, ते त्या अल्बमात कुठेच नसते.

आता तसे राहिलेले नाही. फोन तर प्रत्येकीच्या हातात आहेच, पण स्वतःच्या कमाईतून चांगला कॅमेरा घेणाऱ्या मुली आणि गृहिणीही पुष्कळ दिसतात. कॅमेरा घेऊन झाला की दुसरा प्रश्न उभा राहतो. कॅमेऱ्याबरोबर आलेली छोटी लेन्स पुरेशी आहे का? नसेल तर रोज वापरता येईल, फिरायला जाताना सोबत नेता येईल, अशी एकच लेन्स कोणती घ्यावी? दुकानदार दहा नावे सांगतो आणि आपण दहा आकडे ऐकून गोंधळून घरी येतो.

माझ्या भाचीचे अगदी असेच झाले. नोकरी लागल्यावर तिने सोनीचा लहानसा कॅमेरा घेतला. लेन्ससाठी ती दरमहा थोडे थोडे बाजूला टाकत होती. मला म्हणाली, "मामी, दोन लेन्समध्ये माझं अडलंय. चूक झाली तर पुन्हा वर्षभर पैसे जमवायला लागतील." मी म्हटले, "दुकानात उभं राहून हे कळणार नाही. चल, वाईला जाऊ. आत्यांकडे नाहीतरी जायचंच आहे."

आत्या म्हणजे ह्यांच्या आत्या. वय चौऱ्याऐंशी. वाईतल्या त्यांच्या जुन्या वाड्याचा व्यवहार झाला होता आणि पावसाळ्याच्या आत तो पाडायचा होता. तेव्हा जे काही टिपायचे, ते याच फेरीत.

आकड्यांची भीती कशाला?

पुण्याहून सातारा रस्त्याने निघालो. खंबाटकीचा घाट ओलांडला की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचे. पुणे ते वाई साधारण नव्वद किलोमीटर. तेवढ्या वेळात मी भाचीला आकडे उलगडून सांगितले, ते तुम्हालाही सांगते. एकदा समजले की चहा-साखरेच्या मापाइतके सोपे आहे बरं का!

लेन्सवर मिलिमीटरमध्ये जो आकडा असतो तो लहान असेल तर जास्त रुंद दृश्य मावते, मोठा असेल तर लांबची वस्तू जवळ येते. ज्या लेन्सवर दोन आकडे असतात, म्हणजे जसे १८-१३५, ती झूम लेन्स. कडे फिरवायचे, की रुंदीपासून लांबीपर्यंत हवे तिथे थांबता येते. आज आपल्याला हे साधे वाटते, पण फिल्मच्या पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स आली ती १९५९ साली, फोइग्टलेंडर कंपनीची 'झूमार'. त्याआधी छायाचित्रकाराचे पाय हाच झूम! भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी लेन्स न बदलता येणाऱ्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यानेही किती काम केले. १९७० साली त्यांनी हे काम सोडले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. सांगायचा मुद्दा, लेन्स सोय करते, पण बघायचे आपल्यालाच असते.

आणखी एक मेख आहे. तोच आकडा सगळ्या कॅमेऱ्यांवर सारखे दृश्य देत नाही. कॅमेऱ्यातला सेन्सर मोठा, म्हणजे पूर्ण फ्रेमचा असेल, तर आकडा आहे तसा धरायचा. भाचीच्या कॅमेऱ्यासारखा लहान सेन्सर असेल तर आकड्याला दीडने गुणायचे. कॅननच्या लहान सेन्सरला १.६ ने, आणि ऑलिम्पस, पॅनासॉनिकच्या मायक्रो फोर थर्ड्‌स कॅमेऱ्यांना दोनने. म्हणजे भाचीच्या कॅमेऱ्यावरची १८-१३५ ही पूर्ण फ्रेमच्या हिशेबाने २७-२०२ झाली. दुकानात आकडे ऐकताना हा गुणाकार मनात करायचा, म्हणजे फसगत होत नाही.

रोजच्या वापराला किती हवे? पूर्ण फ्रेमच्या हिशेबाने २४ च्या आसपास सुरू होऊन ७० ते १०५ पर्यंत जाणारी लेन्स घरात, देवळात, बाजारात, लग्नकार्यात, कुठेही अडत नाही. म्हणून तर २४-१०५ हे माप अनेक कंपन्यांनी ठेवले आहे. निकॉनचे २४-१२० आहे.

गणपती आळीपासून मेणवलीपर्यंत

भाचीजवळ दोन लेन्स होत्या. एक कॅमेऱ्याबरोबर आलेली १६-५०, मुठीत मावणारी, शंभर ग्रॅमच्या थोडी वर. दुसरी मैत्रिणीकडून दोन दिवसांसाठी आणलेली १८-१३५, सव्वातीनशे ग्रॅमची. आमचा बेत ठरला होता. सकाळभर एकच लावून फिरायचे, पिशवीत हात घालायचा नाही.

वाईला कृष्णेवर सात घाट आहेत. गणपती घाटावर सकाळी ऊन तिरपे येते आणि पायऱ्यांच्या कडा उजळतात. तिथले ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की त्या टोकावर पाणी दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. पूर्वीच्या माणसांनी नदीशी भांडण न करता तिला वाट करून दिली, ही केवढी शहाणपणाची गोष्ट! हा आकार एका फोटोत आणायचा तर पाण्याच्या बाजूने, घाटावरून, लेन्सची रुंद बाजू वापरावी लागते. १८ वर भाचीला दोन पावले मागे सरावे लागले. १६ वर ते सहज मावले असते. कागदावर दोनच मिलिमीटरचा फरक, पण मागे पाणी असेल तर दोन पावले कुठून आणणार? लांबच्या टोकाला दहा-वीस मिलिमीटर कमी पडले तर फोटो नंतर कापून चालवता येतो. रुंदीला कमी पडले तर राहिलेले दृश्य कुठून जोडणार? म्हणून लेन्सचा पहिला आकडा आधी बघायचा, दुसरा नंतर.

शेजारीच काशी विश्वेश्वराचे देऊळ. तिथला काळ्या दगडाचा तुकतुकीत नंदी बघा. अंगावरचे दागिने दगडातच कोरलेले. इथे झूमची खरी मजा कळते. आधी सबंध नंदी घेतला, मग कडे फिरवून नुसते गळ्यातले अलंकार. जागचे न हलता दोन वेगळे फोटो. गाभाऱ्यात मात्र विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नये. आणि घाटावर धुणे धुणाऱ्या बायकांनाही विचारावे. आपण बाई म्हणून विचारले की त्या सहसा हसून हो म्हणतात. नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली घ्यावा. लांबून, न कळत, झूम लावून कुणाचे उघडे पाय टिपणे हे आपल्याला शोभत नाही.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट. चंद्रकोरीसारख्या वळणाच्या पायऱ्या, मेणेश्वराचे देऊळ, आणि एका लहानशा देवळीत टांगलेली मोठी थोरली घंटा. ही घंटा मूळची वसईच्या चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई जिंकली तेव्हा तिकडच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यातली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. कृष्णाकाठच्या घाटावर मेरीमाता! २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटातले चरणपूर ते हेच, म्हणून हल्ली इथे बरेच लोक येतात. बहुतेकजण घाटाचा फोटो काढतात आणि घंटा न बघताच जातात.

घंटेवरची ती आकृती टिपायला १३५ चे टोक कामाला आले. पैलतीरावर एक मुलगा म्हशीला पाण्यात घालत होता, तोही त्याच टोकाने. भाची खुलली. "मामी, माझं ठरलं. हीच घेते."

मी म्हटले, "थांब. अजून वाडा बघायचाय."

माजघरातला उजेड

आत्यांचा वाडा काही नानांच्या वाड्यासारखा मोठा नाही. दिंडी दरवाजा, ओसरी, एक चौक, मग माजघर, त्याला लागून देवघर आणि स्वयंपाकघर, मागे परसात आड. माजघराला खिडकी नाही. वरच्या झरोक्यातून काय येईल तो उजेड, तोही शेणाने सारवलेल्या जमिनीने निम्मा पिऊन टाकलेला. आत्या देवघराच्या उंबऱ्याशी बसून फुलवाती वळत होत्या. समोर समई.

भाचीने कॅमेरा लावला. १३५ ची ती ऐटबाज लेन्स इथे अडखळायला लागली. कारण दुसरा आकडा, एफचा. हा आकडा जितका लहान, तितका लेन्सचा डोळा मोठा आणि उजेड जास्त. तिच्या लेन्सवर लिहिले होते ३.५-५.६. याचा अर्थ रुंद बाजूला ३.५, पण झूम लांबवत नेला की ५.६ होतो. एफ २.८ च्या लेन्समधून ५.६ च्या चौपट उजेड आत येतो. म्हणजे एकीला सेकंदाचा साठावा भाग पुरत असेल तर दुसरीला पंधरावा भाग लागतो. पंधराव्या भागात वात वळणारी बोटे थांबत नाहीत. फोटोत आत्यांचा चेहरा आला, पण बोटांच्या जागी नुसता धूर.

"पण मामी, हिच्यात हात हलला तरी सावरणारी सोय आहे ना?" भाचीने विचारले.

आहे. पण ती सावरते आपला हात. समोरच्याचा हात ती कशी थांबवणार? देऊळ, वाडा, जाते, उखळ अशा न हलणाऱ्या वस्तूंना ती सोय फार चांगली. लहान मुले, फुगड्या, पोळी लाटणारे हात यांना उजेडच लागतो. कॅमेऱ्यात आयएसओ वाढवता येतो, नवे कॅमेरे तेही बरेच सांभाळून घेतात, पण जास्त वाढवला की फोटोत रवा सांडल्यासारखे कण दिसू लागतात. आणि फ्लॅश मारला तर समईचा उजेडच नाहीसा होतो. मग देवघर कसले उरले?

आत्या एवढा वेळ गप्प होत्या. आता म्हणाल्या, "अगं पोरी, माझा कसला फोटो काढतेस? घराचा काढ. मी काय, येईन तुमच्याकडे राहायला. हे कुठं येणारेय?"

कुणालाच काही बोलता आले नाही. मग त्या उठल्या आणि स्वतःच आम्हाला घर दाखवू लागल्या. सासूबाईंनी कुंकवाचा करंडा ठेवायचा कोनाडा. फडताळाच्या आतल्या बाजूला मुलांची उंची दाखवणाऱ्या पेन्सिलीच्या रेघा. तुळईला अडकवलेली पाळण्याची कडी. "हिला सात पाळणे टांगले," त्या म्हणाल्या, "त्यातले पाच उठून चालायला लागले." एवढे बोलून त्या पुढे गेल्या, आडाकडे.

मैत्रिणींनो, या घरातल्या कोणत्याही गोष्टीला २०० मिलिमीटर लागले नाहीत. पण अंधारात नीट बघणारा डोळा मात्र पावलोपावली लागला. आणि लागली रुंदी, कारण स्वयंपाकघर एवढेसे, मागे सरायला भिंत.

मग घेतले काय?

रात्री आम्ही सगळे फोटो उघडून बसलो. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला ते नोंदलेले असते. हे तुम्हीही करून बघा. पैसे न खर्चता मिळणारा इतका खरा सल्ला दुसरा नाही. आधीच्या सहलींचे, सणावारांचे फोटो घ्या आणि वहीत तीन रकाने आखा : रुंद, मधले, लांब. रेघा मारत जा. जिथे रेघा जास्त, तिथे तुमची लेन्स. फोनचेच फोटो असतील तरी चालेल. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा पूर्ण फ्रेमच्या हिशेबाने २४ ते २६ च्या आसपास असतो. त्यावर तुम्ही सारखे मागे सरता की सारखे बोटांनी मोठे करता, ते आठवा.

भाचीच्या वहीत ७० च्या पुढे मोजक्याच रेघा पडल्या. पण त्यात घंटेवरची मेरी होती, हेही खरे. काहीतरी सोडावेच लागते. सगळे देणारी लेन्स अजून तरी झालेली नाही. १८-२०० किंवा तशा लांबलचक झूममध्ये सोय मोठी असते, पण लांबच्या टोकाला त्या मंदावतात आणि थोड्या मऊ दिसतात. दिवसाउजेडी प्रवास करणारीला त्या छान. संध्याकाळी, घरात, समारंभात टिपणारीला नाहीत.

तिने शेवटी टॅमरॉनची १७-७० घेतली. पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत एफ २.८, हात सावरण्याची सोय, आणि पूर्ण फ्रेमच्या हिशेबाने साधारण २५ ते १०५. वजन सव्वापाचशे ग्रॅम, म्हणजे मैत्रिणीच्या लेन्सपेक्षा दोनशे ग्रॅम जास्त, आणि किंमतही जास्त. तीन महिने आणखी थांबावे लागले. मार्चअखेर लेन्स हातात आली आणि ती एकटीच पुन्हा वाईला जाऊन आली. आत्यांनी तेव्हा तिच्याकडून वाड्यातली एकूण एक खोली टिपून घेतली. वळत्या बोटांचा फोटो आला. बोटे स्पष्ट, मागे समई. मे महिन्यात वाडा उतरवला. आत्या आता आमच्याकडे असतात आणि तो फोटो त्यांच्या पलंगाशेजारी नाही, कारण त्यांना स्वतःचा फोटो आवडत नाही. तिथे आहे तो पेन्सिलीच्या रेघांचा.

म्हणून सर्वांनी हीच लेन्स घ्यावी असे मात्र नाही हं. तुमची वही वेगळी असेल.

खरेदीला जाताना

लेन्स तुमच्याच कॅमेऱ्याच्या जोडाची आहे ना, ते आधी पाहा. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या कॅमेऱ्यांचे जोडही वेगळे असतात.

दुकानात लेन्स कॅमेऱ्याला लावून दहा मिनिटे गळ्यात घालून उभ्या राहा. पाव किलो आणि पाऊण किलो यांतला फरक कागदावर कळत नाही, मानेला कळतो. जड म्हणून घरी राहिलेली लेन्स कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग नाही.

किती जवळून टिपते ते विचारा. रांगोळी, दागिने, पानातले पदार्थ यांसाठी ते महत्त्वाचे. चेहरा मात्र रुंद बाजूने अगदी जवळून काढू नका, नाक मोठे दिसते. थोडे मागे सरून, झूम लांबवून काढा.

मोठ्या शहरांत लेन्स भाड्याने मिळते. एखाद्या कार्याला आणून वापरा आणि मगच ठरवा.

जुनी लेन्स घेणार असाल तर आरपार उजेडाकडे धरून बघा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तशी लेन्स स्वस्त मिळाली तरी नको.

आणि घरी आणल्यावर? आपल्याकडचा पावसाळा लेन्सचा वैरी आहे. कपड्यांच्या कपाटात, चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला. डांबराच्या गोळ्या त्या डब्यात घालू नका. काचेवर पदराचे टोक फिरवण्याचा मोह टाळा. आधी हवेच्या पंपाने धूळ उडवा, मग लेन्सच्याच मऊ कापडाने हलके पुसा. महिन्यातून दोनदा तरी बाहेर काढून वापरा. वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

आणि वापरायला वाईच हवी असे कुठे आहे? तुमच्याही गावात एखादा घाट असेल, एखादे माजघर असेल, वाती वळणारे कुणी असेल. ते आहे तोवर टिपून ठेवा.